वाचकांचे प्रश्न: दाबलं, तापवलं, ओतलं की रिअ‍ॅक्शन कुठे सरकते?

मागच्या अंकात इक्विलिब्रियम, म्हणजे सुलट-उलट रिअ‍ॅक्शनचा समतोल, या धड्याबद्दल थोडंसं लिहून शेवटी ‘काय अडलं असेल तर कळवा’ म्हटलं होतं, तर खानापूर, निपाणी, अथणी, गोकाक, बेळगाव असं सगळीकडून प्रश्न आलेत, आणि मला सगळ्यात बरं वाटलं ते यात कॉलेजच्या पोरांबरोबर घरातल्या बायका, शेतकरी, कारखान्यात शिफ्ट करणारे असे सगळे आहेत म्हणून. आपल्या भागातली अडचण काय आहे ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको, दहावीपर्यंत मराठी शाळा आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की सगळं एकदम इंग्लिशमधून, मग पोरं ‘ले शातेलिएचा नियम’ म्हणून चार ओळी पाठ करतात आणि पेपरात उतरवून मोकळी होतात. नियम काय म्हणतो ते आधी सांगतो. फ्रान्सच्या आंरी ले शातेलिएनं १८८४ साली मांडलेला आहे: इक्विलिब्रियमला आलेल्या रिअ‍ॅक्शनची परिस्थिती बदलली, म्हणजे प्रेशर, टेंपरेचर किंवा एखाद्या पदार्थाचं प्रमाण, तर रिअ‍ॅक्शन अशा बाजूला सरकते की त्या बदलाचा परिणाम थोडा कमी व्हावा. यातला ‘थोडा’ हा शब्द धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

सर, मी खानापूर तालुक्यातली, पीयूसी फर्स्ट इयरला आहे. इक्विलिब्रियम आलं की रिअ‍ॅक्शन थांबली असं मी धरून चाललेय. मग थांबलेल्या रिअ‍ॅक्शनवर प्रेशर वाढवलं की ती परत चालू कशी होते? आणि कुठल्या बाजूला जायचं ते तिला कळतं कसं?

दोन्ही प्रश्न एकाच गाठीचे आहेत, म्हणून एकदमच सोडवू. रिअ‍ॅक्शन थांबलेलीच नसते. आठवडी बाजार ऐन भरात असतो तेव्हा गर्दी तेवढीच दिसते पण माणसं तीच नसतात, जेवढी आत येतात तेवढीच बाहेर पडत असतात, तसं इथं सुलट रिअ‍ॅक्शन आणि उलट रिअ‍ॅक्शन दोन्ही चालूच असतात, फक्त दोघींचा वेग सारखा झालेला असतो म्हणून बाहेरून काही बदलताना दिसत नाही. आणि रिअ‍ॅक्शनला काही कळत वगैरे नाही गं, तिला कुठं जायचंय असंही काही नसतं, परिस्थिती बदलली की या दोन वेगांपैकी एक जास्त बदलतो आणि दुसरा कमी, एवढंच घडतं.

आता हे नुसतं ऐकून सोडू नकोस, एक उदाहरण हातानं करून बघ. तुमच्या पुस्तकात नायट्रोजन डायऑक्साइड हा तपकिरी गॅस आहे, त्याचे दोन रेणू जोडले की डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड होतो आणि तो बिनरंगी असतो. दोन्ही एका बंद सिरिंजमध्ये इक्विलिब्रियमला आहेत असं धर आणि दट्ट्या दाबून जागा निम्मी कर. क्षणात दोन्ही गॅसचं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे तेवढ्याच जागेतलं प्रमाण, दुप्पट झालं. बिनरंगी रेणू फुटायला एकटाच पुरतो, म्हणून फुटण्याचा वेग दुप्पट. पण जोडायला दोन तपकिरी रेणू एकमेकांवर आदळावे लागतात, म्हणून जोडण्याचा वेग दोन गुणिले दोन, चौपट. एक दुप्पट, दुसरा चौपट, मग काय होणार, जोडण्याची बाजू जिंकणार आणि तपकिरी रेणू कमी व्हायला लागणार. पुस्तक हेच ‘प्रेशर वाढवलं की कमी मोलच्या (म्हणजे कमी रेणूंच्या) बाजूला सरकते’ असं एका ओळीत सांगतं आणि ती ओळ कुठून आली ते सांगत नाही.

क्यू आणि के चं गणित म्हणजे हेच. तयार झालेल्या पदार्थांचं प्रमाण वरती आणि मूळ पदार्थांचं खालती ठेवून भागायचं; के हा त्या टेंपरेचरला इक्विलिब्रियमचा ठरलेला आकडा, क्यू हा आत्ता या क्षणाला काढलेला. बिनरंगी फुटून दोन तपकिरी असं लिहिलं तर वरती तपकिरीचा वर्ग आणि खालती बिनरंगी येतो; दाबल्यावर वरती चौपट आणि खालती दुप्पट, म्हणजे क्यू झाला के च्या दुप्पट, आणि क्यू मोठा असला की रिअ‍ॅक्शन उलट बाजूला जाते, जोपर्यंत क्यू परत के एवढा होत नाही तोपर्यंत. के मात्र जागचा हलला नाही.

यात पोरं हमखास अडकतात ते रंगापाशी. दाबलं की रंग आधी एकदम गडद होतो, कारण तेवढेच रेणू निम्म्या जागेत आले, आणि मग जरा फिका होतो, पण बाजूनं बघितलंस तर पहिल्यापेक्षा गडदच राहतो! परिणाम थोडा कमी झाला, पुसला गेला नाही, तो ‘थोडा’ इथं दिसतो. आणि तीच सिरिंज टोकाकडून लांबीत बघितली तर पहिल्यापेक्षा फिकी दिसेल, कारण नजरेच्या वाटेत येणारे तपकिरी रेणू खरंच कमी झालेत. हा गॅस विषारी आहे, त्यामुळे लॅबमध्ये मॅडम उभ्या असतील तेव्हाच.

तुमच्या प्रॅक्टिकलला फेरिक नायट्रेट आणि पोटॅशियम थायोसायनेटचं लालभडक पाणी असतं ना, त्यात थोडं थायोसायनेट वाढवलंस तर आणखी लाल होतं, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड टाकलंस तर ते लोखंडाचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, धरून बसतं आणि लाल रंग उतरतो. तिथं पण प्रत्येक वेळी स्वतःला एकच विचार, कुठल्या बाजूचा वेग मी आत्ता वाढवला किंवा कमी केला. वेगांवरून असा हिशेब करायची पद्धत नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे या दोघा मेहुण्यांनी १८६४ साली मांडली, म्हणजे ले शातेलिएच्या वीस वर्षं आधी, आणि मला विचारशील तर शिकताना पण हाच क्रम बरा.

शहापूर, बेळगाव. पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग पडला की साबण लावल्यावर लालभडक होतो, खळबळून काढला की परत पिवळा. सासूबाई म्हणतात साबणात भेसळ आहे. खरं काय?

वहिनी, साबणाचा काही दोष नाही, आणि सासूबाईंनी जे बघितलंय ते अगदी बरोबर बघितलंय. हळदीतला पिवळा रंग कर्क्युमिनचा. त्याच्या रेणूला अल्कलीत, म्हणजे साबण, सोडा, चुना अशात, एक हायड्रोजन आयन सोडून द्यावा लागतो आणि तो सोडला की त्याचा रंग तांबडा होतो. हायड्रोजन आयन परत मिळाला की परत पिवळा. पिवळं आणि तांबडं ही दोन्ही रूपं कायम एकमेकांत बदलत असतात, साधारण पीएच (अ‍ॅसिड-अल्कलीचं माप) ८ च्या पुढे गेलं की तांबड्याची बाजू वरचढ व्हायला लागते. धुण्याचा साबण त्याच्या वरच असतो. पाण्यानं खळबळलं की साबण निघून गेला, बाजू पलटली.

घरात करून बघा. ताटलीत चिमूटभर हळद पाण्यात कालवा, पानाच्या डबीतला चुना काडीच्या टोकावर घेऊन एका कडेला लावा, तिथून लाल रंग पसरत जाताना दिसेल आणि मधे एक नारिंगी पट्टा राहील, तिथं दोन्ही रूपं मिसळून आहेत. मग लिंबाचे दोन थेंब टाका, पिवळं. परत चुना, परत लाल. चुना जुना, सुकलेला असेल तर लिंबू पडल्यावर बारीक बुडबुडे पण येतील, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यातला काही भाग चुनखडी झालेला असतो. हळदीचं कुंकू आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या याच चुन्यावर करत आल्यात.

एक मात्र ध्यानात ठेवा, हळद चुन्यात बराच वेळ तशीच ठेवली तर कर्क्युमिनचा रेणूच तुटायला लागतो, रंग मळकट होतो, आणि मग लिंबू कितीही पिळा पूर्वीसारखं पिवळं येत नाही. ते मोडणं आहे, त्याला परतीची वाट नाही. उन्हात वाळत घातल्यावर डाग उडतो तो पण असाच, उजेडानं रंगाचा रेणूच मोडतो. म्हणून शर्ट धुवून ओला असतानाच कडक उन्हात टाका.

गोकाक. माझं थंड पेयांचं दुकान आहे. गार गोटी सोडा जास्त वेळ तिखट लागतो, पण उन्हात राहिलेली बाटली फोडली की जास्त उसळते. मग गॅस नक्की कशात जास्त, गार बाटलीत का गरम?

काका, बाटली बंद आहे तोपर्यंत दोन्हीत गॅस तेवढाच, भरला तेवढा. फरक आहे तो कुठं आहे त्याचा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तापवलं की बाजू पलटते आणि गॅस पाण्यातून बाहेर यायला बघतो. साध्या हवेच्या प्रेशरएवढा कार्बन डायऑक्साइड वर असेल तर ० अंशाला एका लिटर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम मावतो, २० अंशाला सुमारे १.७ ग्रॅम, म्हणजे जवळपास निम्माच. आता बाटलीत वरची मोकळी जागा इतकीशी, तिथं थोडासा गॅस जरी वर आला तरी प्रेशर भसकन वाढतं, ते वाढलं की गॅस परत पाण्यात ढकलला जातो, आणि नवीन जागी दोन्हींचा मेळ बसतो. त्यामुळे उन्हातल्या बाटलीत बहुतेक गॅस अजून पाण्यातच असतो पण तो जास्त प्रेशरनं कोंडलेला असतो. गोटी आत ढकलली की ते प्रेशर एकदम जातं, गरम पाण्याला एवढा गॅस धरून ठेवणं झेपत नाही, आणि निम्मा सोडा गिऱ्हाईकाच्या अंगावर. गार पाण्याला धरून ठेवायची ताकद जास्त, म्हणून फेस कमी येतो आणि ग्लासात सोडा जास्त वेळ तिखट राहतो.

उघडा ठेवलेला सोडा शेवटी अगदी पाणचट होतो कारण आपल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के आहे, त्याच्याशी मेळ बसायचा तर पाण्यात जवळपास काहीच उरत नाही. मीठ टाकल्यावर उसळतो ते मुख्यतः वेगळ्या कारणानं, मिठाच्या खडबडीत कणांवर बुडबुडे चटकन धरतात, म्हणजे जो गॅस हळूहळू जाणारच होता तो लगेच गेला. आणि तुमच्या गोटीच्या बाटलीचं पेटंट हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं १८७२ मध्ये घेतलं, आतल्या गॅसच्या प्रेशरनंच गोटी रबराच्या कड्यावर दाबून बसते ही त्याची युक्ती, दीडशे वर्षं झाली तरी आपल्याकडे चाललीय.

अथणी. बोअरचं पाणी. गिझरच्या कॉइलवर दर वर्षी पांढरा थर चढतो, गार पाण्याच्या टाकीत एवढा चढत नाही. का?

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. ते मोडून चुनखडी, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात, आणि तेच परत जुळून बायकार्बोनेट पण होतं. गिझरमध्ये पाणी तापतं, गॅस पाण्यातून निघून जातो, परतीच्या रिअ‍ॅक्शनला लागणारा मालच उरला नाही, मग चुनखडी साठत जाते. शिवाय चुनखडी गरम पाण्यात गारपेक्षा कमी विरघळते, साखर-मिठाच्या अनुभवाच्या बरोबर उलट, म्हणून थर नेमका सगळ्यात गरम जागी म्हणजे कॉइलवर. काढताना करवतीच्या पात्यानं खरवडू नका, मेन स्विच बंद करून, कॉइल बाहेर काढून व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा, कनेक्शनचं टोक वर राहू दे. अ‍ॅसिडमुळे कार्बोनेट संपत जातं, गॅस उडून जातो आणि थर सुटतो. उकळून पाणी मऊ होतं ते एवढ्याच क्षारापुरतं, सल्फेट आणि क्लोराइडचा जडपणा उकळून जात नाही.

निपाणीजवळच्या एका कॉलेजात शिकवते. अमोनियाच्या रिअ‍ॅक्शनमधून उष्णता बाहेर पडते, म्हणजे नियमानं टेंपरेचर कमी ठेवायला पाहिजे. मग कारखान्यात ४०० ते ५०० अंश का? मुलं विचारतात आणि ‘तडजोड’ एवढ्या एका शब्दावर त्यांचं समाधान होत नाही.

मॅडम, समाधान होत नाही हे फार चांगलं लक्षण आहे, तुमची मुलं विचार करतात. तडजोड खरी आहे पण कशाची कशाशी ते उघडून दाखवायला पाहिजे.

नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळून अमोनियाचे दोन, आणि ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर. २५ अंशाला या रिअ‍ॅक्शनचा के सुमारे सहा लाख आहे, म्हणजे इक्विलिब्रियमला पोचली तर जवळपास सगळा अमोनियाच. ४०० अंशाला तोच के सुमारे ०.०००१६ वर येतो. मुलांना हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा, टेंपरेचर काय करू शकतं ते त्यांच्या डोळ्यांत भरेल, कारण के बदलायची ताकद फक्त टेंपरेचरमध्ये आहे, प्रेशर आणि कॉन्सन्ट्रेशन नुसते क्यू हलवतात.

मग गारच का करत नाहीत? कारण गार ठेवलं तर ती तिथं पोचतच नाही. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध इतका घट्ट आहे की साध्या टेंपरेचरला ते मिश्रण वर्षानुवर्षं तसंच पडून राहील. ले शातेलिएचा नियम कुठल्या बाजूला जायचं ते सांगतो, किती वेळात ते अजिबात सांगत नाही, आणि माझ्या मते हा धडा शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यायला पाहिजे. कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न खपता वेग वाढवणारा पदार्थ, आला की थोड्या कमी टेंपरेचरवर वेग परवडतो. तो के ला हात लावत नाही, पण लोखंडाच्या कॅटॅलिस्टलासुद्धा नीट चालायला ४०० च्या आसपास लागतंच. म्हणून तेवढी ऊब, आणि तिच्यामुळे जे गेलं ते प्रेशरनं भरून काढायचं. चार रेणूंचे दोन होतात, सगळ्यांचं प्रेशर दुप्पट केलं तर क्यू एक चतुर्थांश होतो, म्हणून १५० ते २५० पट हवेचं प्रेशर. एवढं करून पण एका फेरीत साधारण १५ टक्केच गॅसचा अमोनिया होतो.

खरी हुशारी तर पुढे आहे. बाहेर आलेला गॅस गार करतात, त्या प्रेशरला अमोनिया सहज पातळ होऊन खाली बसतो, तो काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन-हायड्रोजन परत फिरवून आत. अमोनिया काढून घेतला की परतीची वाट बंद, त्यामुळे शेवटी जवळपास सगळा माल वापरला जातो. मुलांना हे नियमाचं तिसरं रूप म्हणून सांगा, तयार झालेला माल उचलत राहिलात की रिअ‍ॅक्शन त्याच बाजूला येत राहते.

इतिहासही त्यांना सांगण्यासारखा आहे. ले शातेलिएनं स्वतः १९०१ मध्ये प्रेशर वाढवून अमोनिया करायचा प्रयत्न केला, उपकरणात हवा राहिली होती, स्फोट झाला आणि त्यानं तो नाद सोडला. १९०९ मध्ये फ्रिट्स हाबरनं जर्मनीत कार्लस्रूहेला करून दाखवलं, कार्ल बॉशनं ते कारखान्याच्या मापात आणलं आणि १९१३ मध्ये ओपाऊला पहिला कारखाना चालू झाला. हाबरला १९१८ चं नोबेल, बॉशला १९३१ चं. तुमच्याकडच्या मुलांच्या घरी ऊस असतोच, त्यांना युरियाचं पोतं वाचायला सांगा, ४६ टक्के नायट्रोजन लिहिलेलं असतं, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात जवळपास २१ किलो, आणि तो सगळा हवेतला नायट्रोजन याच वाटेनं आलेला आहे.

टिळकवाडी, नीटची तयारी करतोय. अर्गॉन टाकला की प्रेशर वाढतं, मग रिअ‍ॅक्शन सरकायला नको का? उत्तर कधी ‘नाही’ असतं, कधी ‘हो’.

भांड्याची जागा तेवढीच असेल तर नाही. अर्गॉन कुणाशी बोलत नाही, रिअ‍ॅक्शनमधल्या प्रत्येक गॅसचं स्वतःचं कॉन्सन्ट्रेशन आहे तेवढंच, एकूण प्रेशर वाढलं तर वाढू दे, दोन्ही वेग जसेच्या तसे. पण प्रेशर कायम ठेवून अर्गॉन सोडलास तर भांडं फुगणार, सगळे गॅस विरळ होणार, आणि ते दट्ट्या बाहेर ओढल्यासारखंच झालं, मग जास्त मोलच्या बाजूला सरकते. प्रश्नात ‘कॉन्स्टंट व्हॉल्यूम’ आहे का ‘कॉन्स्टंट प्रेशर’ ते आधी अधोरेखित करायचं, बाकी सगळं नंतर.

बेळगाव. अ‍ॅल्युमिना प्लांटमध्ये काम करतो. गरम कॉस्टिकमध्ये बॉक्साइट विरघळतो, नंतर गार करून त्यात तयार हायड्रेटचीच पावडर सोडतात आणि आणखी हायड्रेट खाली पडतं. आपलाच माल आत टाकल्यावर नियमानं उलटं व्हायला नको का?

फार मोलाचा प्रश्न, आणि कामावर नजर असल्याशिवाय असा सुचत नाही. पहिला भाग सोपा. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरमाथ्यांवर सापडतो तसला बॉक्साइट बारीक करून कॉस्टिक सोड्यात साधारण १४०-१५० अंशाला शिजवला की त्यातलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, तुम्ही ज्याला हायड्रेट म्हणता ते, सोडियम अ‍ॅल्युमिनेट होऊन विरघळतं, लोखंड वगैरे तसंच राहून लाल चिखल म्हणून वेगळं निघतं. विरघळायला उष्णता लागते, म्हणून गरम केलं की विरघळण्याची बाजू आणि ६० अंशांच्या आसपास आणलं की परत बाहेर पडण्याची बाजू. एकच रिअ‍ॅक्शन, तापवून पुढे नेली आणि गार करून मागे आणली, मधल्या मधे घाण काढून टाकली. कार्ल योसेफ बायरनं याचं पेटंट १८८८ मध्ये घेतलं.

आता पावडर. घन पदार्थ किती आहे त्यावर इक्विलिब्रियमची जागा ठरत नाही, त्याचं कॉन्सन्ट्रेशन असं काही कमी-जास्त होत नाही. चुनाभट्टीत पण तेच, चुनखडी किलोभर टाका नाहीतर टनभर, सुमारे ९०० अंशाला तिच्यावरचं कार्बन डायऑक्साइडचं प्रेशर हवेच्या प्रेशरएवढंच येणार. त्यामुळे तुम्ही सोडलेल्या पावडरीनं बाजू पलटत नाही. तिचं काम वेगळं आहे, गार केलेल्या त्या द्रावणात मावतं त्यापेक्षा जास्त हायड्रेट अडकून बसलेलं असतं, त्याला बसायला जागा पाहिजे, आणि नवीन कण आपोआप धरणं फार अवघड. पावडरीचे कण ती जागा देतात. देऊनही टाकीत एक-दोन दिवस जातात, तर पावडर नसती तर किती गेले असते बघा.

रायबाग. आमचं गुऱ्हाळ आहे. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस राहिला की गूळ नीट धरत नाही. रसातली साखर फुटते म्हणतात. ले शातेलिए लावून ती परत जुळवता येईल का?

नाही येणार दादा. साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि तिथून परतीची वाट इतकी अरुंद आहे की रसात एवढं पाणी असताना ती नसल्यातच जमा. जिथं दोन्ही बाजूंना येणं-जाणं खरोखर चालू आहे तिथंच हा नियम. तुम्ही काहिलीत चुन्याची निवळी सोडता त्यानं रसाची आंबट बाजू कमी होते आणि फुटण्याचा वेग मंदावतो, पण जे फुटलं ते फुटलं. उसाची मोळी शक्यतो त्याच दिवशी चरकाला, याला दुसरा इलाज नाही. भेंडीच्या रसानं मळी वर येते ते अगदी निराळं काम आहे, त्यावर पुढे कधीतरी लिहीन.

चिकोडी, लॅब असिस्टंट. शुद्ध पाणी ६० अंशाला तापवून मोजलं तर पीएच ६.५ दाखवतो. पाणी अ‍ॅसिडिक झालं म्हणून रजिस्टरला लिहू का?

लिहू नका. पाण्याचे रेणू स्वतःच फुटून हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन देतात आणि परत जुळतात. फुटायला उष्णता लागते, म्हणून तापवलं की फुटण्याची बाजू वाढते, पण प्रत्येक वेळी दोन्ही आयन जोडीनंच तयार होतात. हायड्रोजन आयन वाढले तसे हायड्रॉक्साइड पण तेवढेच वाढले, मग अ‍ॅसिडिक म्हणायचं कुणाच्या तुलनेत? ७ हा आकडा २५ अंशापुरता. ६० अंशाला न्यूट्रल म्हणजेच ६.५, आणि ० अंशाला सुमारे ७.५. मीटरवरचं टेंपरेचर कॉम्पेन्सेशन चालू असलं तरी ते इलेक्ट्रोडची चूक सांभाळतं, पाण्यातला हा बदल ते पुसत नाही आणि पुसायला पण नको. रजिस्टरमध्ये पीएचच्या रकान्याशेजारी टेंपरेचरचा रकाना आखून घ्या आणि दोन्ही आकडे एकदमच भरत जा.